क्लिंट डेम्प्सी खरंच एवढा मोठा प्लेअर होता का? की डोनोव्हनच भारी?

फ्रिस्कोवाली_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमधे फ्रिस्कोला राहतो, मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला सॉकरचं प्रचंड वेड आहे. इथेच नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेम आहे, तिकडे जाऊन आल्यापासून त्याने क्लिंट डेम्प्सी हे एकच नाव लावून धरलंय. त्याच्या कोचचं पण म्हणणं असतं की टेक्सासच्या पोरांनी डेम्प्सीच्या मॅचेस बघितल्याच पाहिजेत. घरात मात्र नवऱ्याचं ठाम मत की अमेरिकेचा सगळ्यात मोठा प्लेअर लँडन डोनोव्हन, डेम्प्सी त्याच्या मागे. नेटवर बघितलं तर दोघांचेही देशासाठी ५७ गोल दिसतात, मग मोठा कोण हे ठरवायचं कसं? आणि अमेरिकेच्या पुरुषांच्या टीमने वर्ल्ड कप तर कधीच जिंकला नाही, मग लोक इतक्या प्रेमाने का बोलतात याच्याबद्दल?

दुसरं म्हणजे इथे क्लबची फी, लांबलांबच्या टूर्नामेंट, हॉटेल, किट सगळं धरलं तर खर्च ऐकून घाम फुटतो आणि हा माणूस म्हणे ट्रेलरमधे वाढला. त्याला कसं जमलं हे? ज्यांनी त्याला खेळताना बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा ना. मुलाला कुठल्या मॅचेस दाखवू तेही सांगा.

थेम्सकाठ_पुणे:

ताई, मी फुलमच्या मॅचेस बघायला लागलो तेच मुळात डेम्प्सीमुळे, त्यामुळे जरा लांबण लागणार, वाचून घ्या.

फुलम हा लंडनमधला थेम्सच्या काठावरचा लहानसा क्लब. पैसा बेताचा, नावाजलेले प्लेअर कमी, आणि त्या काळात दर सीझनला मुख्य चिंता एकच की प्रीमियर लीगमधून खाली जायचं नाही. डेम्प्सी तिथे २००७ च्या जानेवारीत गेला, न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन या अमेरिकन क्लबकडून, साधारण ४० लाख डॉलरला, आणि एमएलएसमधून, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य लीगमधून, बाहेर गेलेल्या प्लेअरसाठी तेव्हा तो रेकॉर्ड होता. त्या अर्ध्या सीझनमधे त्याने गोल किती केले, तर एक. पण तो मे महिन्यात लिव्हरपूलविरुद्ध, सबस्टिट्यूट म्हणून येऊन, मॅच १-० आणि त्या तीन पॉइंट्सवर फुलम प्रीमियर लीगमधे टिकलं. तो गोल झाला नसता तर क्लबचं पुढचं सगळंच वेगळं झालं असतं, आणि फुलमचे लोक हे अजून विसरलेले नाहीत.

आता युव्हेंटसची मॅच. १८ मार्च २०१०, युरोपा लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, दोन मॅचचा स्कोअर एकत्र धरायचा. पहिली मॅच ट्यूरिनला ३-१ ने हरलेले. घरच्या मैदानावर दुसऱ्याच मिनिटाला त्रेझेगेने गोल मारला म्हणजे एकूण ४-१ ने मागे, समोर युव्हेंटससारखा इटलीचा बलाढ्य क्लब, संपलंच की सगळं. मग झमोराने एक मारला, कान्नावारोला रेड कार्ड मिळालं, गेराने दोन मारले, एकूण स्कोअर ४-४. डेम्प्सी गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच परत आलेला, त्यामुळे बेंचवर होता, सत्तर मिनिटं होऊन गेल्यावर मॅनेजर हॉजसननी त्याला आत पाठवलं. ८२ वं मिनिट. बॉक्सच्या उजव्या कोपऱ्याशी त्याला बॉल मिळाला, पाठ जवळजवळ गोलकडे, मागे डिफेंडर. त्या जागेवरून कोणीही बॉल मागे खेळला असता, सेफ ठेवला असता. हा वळला आणि वळता वळताच उजव्या पायाने बॉलखाली अलगद पाय घालून तो उचलला, गोलकीपर चिमेंटीच्या डोक्यावरून बॉल लांबच्या कोपऱ्यात जाऊन पडला. जोर अजिबात नाही, नुसता अंदाज. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडलो होतो कारण घरचे झोपलेले. त्या सीझनला फुलम फायनलपर्यंत गेलं, हॅम्बुर्गला अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून एक्स्ट्रा टाइममधे २-१ ने हरले, ११६ व्या मिनिटाला फोर्लानने मारला. डेम्प्सी त्या मॅचमधेही सबस्टिट्यूट म्हणून आला.

आणि २०११-१२ चा सीझन तर काय सांगू. प्रीमियर लीगमधे १७ गोल, सगळ्या स्पर्धा धरून २३, न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक, प्रीमियर लीगमधे हॅटट्रिक मारणारा पहिला अमेरिकन. हे सगळं मिडफिल्डमधून, पूर्णवेळ स्ट्रायकर नसताना. प्रीमियर लीगमधे फुलमसाठी त्याचे ५० गोल आहेत. आधीच्या पिढीत इंग्लंडमधे नाव काढलेले अमेरिकन बहुतेक गोलकीपर होते, केसी केलर, ब्रॅड फ्रीडेल, टिम हॉवर्ड, मॅकब्राइड हा फुलमचाच अपवाद. अमेरिकन माणूस इंग्लंडमधे जाऊन कलाकारी करतो, डिफेंडरला नाचवतो हे लोकांनी आधी बघितलेलंच नव्हतं.

ह्यूस्टनचा_दादा:

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आमच्याकडेही दोन मुलं क्लबला खेळतात.

डेम्प्सी नॅकोडोचेसचा. पूर्व टेक्सासमधलं छोटं गाव, तुमच्यापासून गाडीने तीनेक तासांवर. आजीच्या परसात ट्रेलर उभा होता त्यात हे कुटुंब राहायचं. गावात अमेरिकन फुटबॉलचं राज्य, सॉकर खेळायचे ते मेक्सिकोतून आलेले कामगार आणि त्यांची पोरं, हा आणि याचा मोठा भाऊ त्यांच्यात जाऊन खेळायचे, पुढे मोठ्या माणसांच्या लीगमधेही. गवत धड नाही, रेफरी असला तर असला, आणि समोरचा माणूस वयाने दुप्पट. आता हे लक्षात ठेवून त्याचे नंतरचे गोल बघा. अंगावर माणूस असताना बॉल झाकून ठेवणं, पायाच्या तळव्याने ओढणं, मधेच एखादी हूल देणं, हे त्याच्यात तिथून आलंय.

डॅलस टेक्सन्स हा मोठा क्लब, तिथे ट्रायआउट होती ती खरं तर मोठ्या भावाची. हा बाजूला बसून कंटाळला म्हणून बॉल पायावर उडवत होता, कोचने ते बघितलं आणि याला घेतलं. मग आठवड्यातून अनेकदा तीन तास जाणं तीन तास येणं. घरच्यांना झेपेना. त्याच वेळी मोठी बहीण टेनिसमधे चांगली रँकिंगवर होती, दोघांचा खर्च एका घरातून निघणार कसा, तर याला टीम सोडावी लागली. टीममधल्या इतर मुलांच्या आईवडिलांनी पुढे येऊन खर्चाला आणि ने-आण करायला मदत देऊ केली. आणि मग १९९५ च्या नोव्हेंबरमधे ती बहीण मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेली, सोळा वर्षांची होती, हा बारा वर्षांचा. गोल मारल्यावर तो आकाशाकडे बघायचा ते तिच्यासाठी. मुलाला हे सांगायचं का ते तुम्ही ठरवा, पण मॅच बघताना तो विचारणार नक्की.

मुद्दा असा की त्याला सिस्टिमने शोधलं असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. भाऊ, शेजारपाजारचे पालक आणि दोन चार चांगली माणसं, यांच्या जोरावर तो टिकला. त्यानंतर साउथ कॅरोलिनातली फर्मन युनिव्हर्सिटी, तीही काही फुटबॉलची पंढरी नाही, आणि २००४ च्या एमएलएस ड्राफ्टमधे, म्हणजे क्लब नवीन प्लेअर निवडतात त्यात, आठव्या नंबरवर निवड. त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा प्लेअर. या देशात नॅकोडोचेससारख्या गावात आज किती पोरं अशी असतील ज्यांच्यासाठी कोणी गाडी काढत नाही, याचा विचार केला की मला फार राग येतो. फी भरून खेळायची ही पद्धत जोपर्यंत आहे तोपर्यंत हे असंच चालणार.

गॅलक्सीप्रेमी_एलए:

सगळं मान्य पण डोनोव्हनवर अन्याय नको. ५७ गोल दोघांचे सारखे पण डोनोव्हनचे असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास, ५८ आहेत, तेवढे अमेरिकेसाठी कोणीच दिलेले नाहीत. वर्ल्ड कपमधे त्याचे ५ गोल, डेम्प्सीचे ४. २००२ ला अमेरिका क्वार्टर फायनलला गेली तेव्हा वीस वर्षांचा डोनोव्हन टीममधे होता आणि त्याने दोन गोल मारले होते. एमएलएस कप सहा वेळा जिंकला, लीगमधल्या सर्वोत्तम प्लेअरच्या अवॉर्डला आज त्याचं नाव आहे. डेम्प्सी न्यू इंग्लंडकडून दोन फायनल हरला, आणि सिएटल २०१६ ला जिंकलं तेव्हा तो आजारपणामुळे मैदानाबाहेर होता.

आणि अल्जीरिया! २०१० च्या वर्ल्ड कपमधला ९१ व्या मिनिटाचा गोल, तो नसता तर अमेरिका घरी. आपल्याकडे धोनीचा २०११ चा सिक्स जसा प्रत्येकाला कुठे बसून बघितला ते आठवतं तसा इथल्या फुटबॉलवाल्यांना तो गोल आठवतो. युरोपात खेळला तोच मोठा हा हिशोब मला पटत नाही. एव्हर्टनला लोनवर गेला तेव्हा तिथल्या लोकांनीही त्याला डोक्यावर घेतलं होतं. तो आपल्या देशातल्या लीगमधे राहिला म्हणून ती लीग उभी राहिली.

थेम्सकाठ_पुणे:

अल्जीरियाचा गोल परत एकदा बघा दादा. अमेरिकेच्याच अल्टिडोरचा पास आला, पहिला शॉट कोणाचा होता? डेम्प्सीचा. गोलकीपरला आदळून बॉल मोकळा झाला आणि मागून धावत आलेल्या डोनोव्हनने तो आत घातला. त्याच मॅचमधे त्याआधी डेम्प्सीचा एक गोल ऑफसाइड देऊन नाकारला होता. दोघं एकाच गोलमधे आहेत, आणि मला वाटतं म्हणूनच यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही. डोनोव्हन मोकळ्या जागेत पळणारा, शेवटचा पास अचूक देणारा. डेम्प्सी गर्दीत घुसणारा. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपला दोघं सोबत होते. पहिल्या दोन मॅच हरून अमेरिका जवळपास बाहेर पडलेली, इजिप्तला ३-० ने हरवणं गरजेचं होतं आणि तो तिसरा गोल डेम्प्सीचा, मग सेमी फायनलला स्पेन. ते स्पेन सलग ३५ मॅच हरलं नव्हतं! २-० ने हरवलं, पहिला अल्टिडोर, दुसरा डेम्प्सी. फायनलला ब्राझीलविरुद्ध हाफ टाइमला २-० ने पुढे होते, एक डेम्प्सीचा आणि एक डोनोव्हनचा, आणि मग ३-२ ने हरले. अजून चुटपुट लागते त्या मॅचची.

फ्रिस्कोवाली_आई:

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. बहिणीचं वाचून पोटात कालवलं. नॅकोडोचेस आम्ही ह्यूस्टनला जाताना कधी पाटीवरही नोटीस केलं नव्हतं. एक विचारते, वरती आजारपणाचा उल्लेख आला, ते काय झालं होतं? आणि तो इंग्लंडमधून परत का आला?

सिएटलकर_अमराठमोळा:

मी सिएटलला असतो, याबद्दल मी सांगू शकतो.

फुलमनंतर २०१२ ला तो टॉटनहॅमला गेला. लिव्हरपूलला जायची त्याची इच्छा होती, ते काही जमलं नाही आणि ट्रान्स्फरच्या शेवटच्या दिवशी टॉटनहॅम झालं. तिथे एकच सीझन, पण ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ ने जिंकले त्यात याचा गोल आहे, टॉटनहॅमला तिथे १९८९ नंतर पहिल्यांदा जिंकता आलं होतं. २०१३ च्या ऑगस्टमधे आमच्या सिएटलच्या साउंडर्स क्लबने त्याला साधारण ९० लाख डॉलर मोजून आणलं. वय तिशीचं, फॉर्ममधे, म्हणून बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. नॅशनल टीमचे कोच क्लिन्समनही जाहीरपणे बोलले की एमएलएसमधे येऊन तोच दर्जा राखणं अवघड जाईल. माझं मत वेगळं आहे. ज्या माणसाने साडेसहा वर्षं तिथे प्रत्येक नवीन मॅनेजरसमोर स्वतःला परत परत सिद्ध केलं त्याने तिशीत घरी यायचं ठरवलं तर कोणाला का त्रास व्हावा? २०१४ ला त्याची आणि ओबाफेमी मार्टिन्सची जोडी आम्ही स्टेडियममधे बसून बघितली, दोघांत मिळून लीगचे ३२ गोल, सप्पोर्टर्स शील्ड (लीगमधे सगळ्यात जास्त पॉइंट्सची) आणि ओपन कप दोन्ही आमच्याकडे. लपवण्यासारखंही आहे एक, २०१५ ला पोर्टलँडविरुद्ध रेफरीची वही हिसकावून फाडली, सस्पेन्शन झालं, ते योग्यच झालं. तो रागीट होता आणि तो राग खेळात दिसायचा.

आता आजारपण. २०१६ चा जून, इथे अमेरिकेत कोपा अमेरिका झाली, तीन गोल मारले, इक्वेडोरला हरवून टीम सेमी फायनलला, ती क्वार्टर फायनल आमच्याच शहरात होती. आणि दोनच महिन्यांनी बातमी आली की हृदयाचे ठोके अनियमित पडतायत, सीझन संपला. ३३ वर्षांचं वय, भरपूर कमावलेलं, घरी पोरंबाळं. तिथे थांबला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. उपचार घेतले, २०१७ ला परत आला आणि मार्चमधे नॅशनल टीमकडून होंडुरासविरुद्ध हॅटट्रिक. एमएलएसचा कमबॅक प्लेअर ऑफ द इयर अवॉर्ड त्या वर्षी त्यालाच मिळाला.

५७ वा गोल त्याच वर्षी जुलैमधे, गोल्ड कपच्या सेमी फायनलला कोस्टा रिकाविरुद्ध, फ्री किकवर, आणि तो झाला तुमच्या शेजारी आर्लिंग्टनला. टेक्सासच्या पोराने टेक्सासमधे डोनोव्हनची बरोबरी केली.

५८ वा व्हायला हवा होता. १० ऑक्टोबर २०१७, त्रिनिदादमधे कूव्हा, २०१८ वर्ल्ड कपची शेवटची क्वालिफायर. ड्रॉ झाला असता तरी अमेरिका रशियाला गेली असती. २-० ने मागे, हाफ टाइमला डेम्प्सी आत आला, अमेरिकेच्या पुलिसिकने लगेच एक परत फेडला आणि मग शेवटच्या पंधरा मिनिटांत डेम्प्सीने बॉक्सबाहेरून डावखुरा शॉट मारला तो पोस्टला लागून बाहेर. एवढासा आत असता तर टीम वर्ल्ड कपला आणि रेकॉर्ड एकट्याचा. ती त्याची देशासाठीची शेवटची मॅच ठरली, १४१ वी. पुढच्या वर्षी ऑगस्टमधे सीझन चालू असतानाच त्याने रिटायरमेंट जाहीर केली, मोठा निरोप समारंभ वगैरे न मागता.

पेठेतला_मिडफिल्डर_कोल्हापूर:

घाना राहिलं की मंडळी! २०१४ वर्ल्ड कप, आमच्या तालमीत पहाटे साडेतीनला सगळी पोरं जागी, चहा अजून कपात ओतला नव्हता आणि गोल. अर्ध्या मिनिटात! थ्रो आला, जर्मेन जोन्सने पुढं दिला, याने एका टचमधे डिफेंडरला मागं टाकलं आणि डाव्या पायाने पोस्टला लावून आत. कॅप्टन होता तो. त्याच हाफमधे घानाच्या डिफेंडरची लाथ तोंडावर बसली, नाक मोडलं, नाकात कापूस कोंबून पूर्ण मॅच खेळला, श्वास तोंडाने घेत होता हे टीव्हीवर दिसत होतं. पुढच्या मॅचला पोर्तुगालविरुद्ध मोडक्या नाकानेच गोल, तो तर पोटाने ढकलला. २००६, २०१०, २०१४, तीन वर्ल्ड कपमधे गोल मारणारा पहिला अमेरिकन. शाहू स्टेडियमवर पोरांना मी हेच सांगतो की बॉल कशानं गेला हे कोण विचारत नाही, तिथं पोचलास का ते सांग. ताई पोराला घाना दाखवा आधी.

ह्यूस्टनचा_दादा:

घाना बरोबर. त्यानंतर युव्हेंटसची पूर्ण मॅच, फक्त गोल दाखवू नका, आधी ४-१ ने मागे असताना टीम कशी खेळत होती ते त्याला बघू दे. मग स्पेन. इंग्लंडविरुद्धचा २०१० चा गोल सगळे दाखवतात पण तो गोलकीपर रॉबर्ट ग्रीनच्या हातातून सुटलेला, त्यातून शिकण्यासारखं कमी, फार तर एवढंच की शॉट मारल्याशिवाय समोरच्याची चूक होत नाही. कोच ब्रूस अरीना त्याच्याबद्दल म्हणायचे की हा पोरगा काहीतरी करून बघतो, आणि मला वाटतं कोचला तुमच्या मुलाला तेच दाखवायचं असणार.

डोनोव्हनच्या प्रश्नाचं माझं उत्तर, अमेरिकेसाठी सगळ्यात जास्त दिलं डोनोव्हनने, आणि सगळ्यात अवघड ठिकाणी जाऊन खेळला डेम्प्सी. दोघांनाही हॉल ऑफ फेममधे घेतलंय, डेम्प्सीला २०२२ ला आणि डोनोव्हनला २०२३ ला, तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या साहेबांना पण सोबत न्या आणि दोन्ही दाखवा.

फ्रिस्कोवाली_आई:

नक्की. आज रात्री घाना लावतेय, शनिवारी युव्हेंटस. हल्ली तो काय करतो पण? कोचिंग करतो का कुठे?

सिएटलकर_अमराठमोळा:

कोचिंग नाही, टीव्हीवर असतो, सीबीएसवर एक्स्पर्ट म्हणून. चॅम्पियन्स लीगच्या वेळी लावून बघा, टेक्सासचा हेल अजून तसाच आहे बोलण्यात, मुलाला लगेच ओळखू येईल.